तिसऱ्या नंबरचा पंतप्रधान कसा? स्वीडनबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

१३ सप्टेंबर २०२६ ला स्वीडनच्या संसदेची, रिक्सदागची, निवडणूक आहे. त्या निमित्ताने मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: तिथे पहिला आलेला पक्ष घरी बसतो आणि तिसरा राज्य करतो, छोट्या पक्षाचं मत वाया जातं, आणि सरकार ठरवतात ते बाहेरून आलेले लोक.

पहिल्या मुद्द्यातले आकडे खरे आहेत. २०२२ मध्ये सोशल डेमोक्रॅट्सना १०७ जागा मिळाल्या, स्वीडन डेमोक्रॅट्सना ७३, मॉडरेट्सना ६८. आणि पंतप्रधान झाले मॉडरेट्सचे उल्फ क्रिस्टरसन. पण यात चोरी कुठे आहे? ३४९ च्या सभागृहात त्यांच्या बाजूने चार पक्षांचे मिळून १७६ होते, समोर १७३. २०१९ नंतरचं मुंबईतलं राजकारण पाहिलेल्या माणसाने तरी याचं नवल करू नये! शिवाय स्वीडनमध्ये पंतप्रधानाला बहुमताचा पाठिंबा लागतच नाही, फक्त विरोधात १७५ मतं पडता कामा नयेत. २४ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानपदासाठी सोशल डेमोक्रॅट्सच्या मॅग्दलेना अँडरसन यांच्या बाजूने ११७ आणि विरोधात १७४ मतं पडली, तरी त्या निवडून आल्या. एका मताने वाचल्या म्हणा. त्याच दिवशी सभागृहाने विरोधकांचं बजेट मंजूर केलं, ग्रीन पक्ष सरकारमधून बाहेर पडला आणि काही तासांत अँडरसन यांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी पुन्हा मतदान झालं आणि त्या पुन्हा निवडून आल्या, या वेळी १०१ विरुद्ध १७३. विचित्र वाटतं खरं, पण नियम आधीपासून लिहिलेला आहे आणि सगळ्यांना सारखाच लागू आहे.

दुसरा मुद्दा अर्धा बरोबर. देशभरात ४ टक्क्यांच्या खाली गेलेला पक्ष साधारणपणे बाहेरच राहतो (एखाद्या मतदारसंघात १२ टक्के मिळवले तर तिथल्या जागांत वाटा मिळतो, पण तसं क्वचितच घडतं). म्हणून छोट्याला मत देऊच नये? २०२२ मध्ये क्रिस्टरसन यांच्या बाजूच्या चार पक्षांपैकी लिबरल पक्ष ४.६ टक्क्यांवर कसाबसा तरला आणि त्याच्या १६ जागा आल्या. १७६ मधून त्या १६ वजा करून बघा. तिथल्या मतदारांना हे गणित जुनंच पाठ आहे. कम्युनिस्ट पक्ष बुडू नये म्हणून त्याला मत देणाऱ्या सोशल डेमोक्रॅटला ‘कॉम्रेड चार टक्के’ म्हणत.

तिसरा मुद्दा मात्र साफ खोटा. एकाच दिवशी तीन निवडणुका होतात आणि मतपत्रिका तीन रंगांच्या असतात: रिक्सदागची पिवळी, प्रादेशिक परिषदेची निळी, नगरपालिकेची पांढरी. पुण्याहून नोकरीसाठी गेलेला, भारतीय पासपोर्टवरचा इंजिनिअर तिथल्या रहिवासी नोंदणीत सलग तीन वर्षं असेल तर त्याला पोस्टाने मतदार कार्ड येतं, आणि कोणत्या निवडणुकीत मत देता येईल ते त्यावर छापलेलं असतं. त्याच्या वाट्याला निळी आणि पांढरी. गल्लीतल्या शाळेबद्दल तो मत देऊ शकतो, पंतप्रधानाबद्दल नाही. पिवळीसाठी स्वीडिश नागरिकत्व लागतं, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे त्याआधी भारतीय पासपोर्टवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते.