‘दिसतच नाहीत’ म्हणून सुगम पदपथ नको?

व्हीलचेअर रस्त्यावर क्वचितच दिसते, तेव्हा मूठभरांसाठी पदपथ आणि बस बदलण्यावर करदात्यांचा पैसा का उधळावा, असे विचारणारा एक संदेश सध्या मोबाईलवर फिरतो आहे. पदपथाच्या तोंडाशी रोवलेले खांब काढले तर दुचाकीस्वारांचे फावेल, पायऱ्या न चढता आत जाता येईल अशा बुटक्या तळाच्या लो-फ्लोअर बस आपल्या खड्ड्यांत टिकणार नाहीत आणि दिव्यांगांना तिकिटात सवलत व लोकलमध्ये राखीव डबा आहेच, हेही त्यात आहे.

आधी ‘मूठभर’ या शब्दाकडे पाहू. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांतले कित्येक त्या मोजणीत नव्हतेच. ज्याला सोसायटीच्या फाटकाबाहेरची पहिली पायरीच ओलांडता येत नाही, तो संदेशकर्त्याला चौकात दिसणार कसा?

खर्चाचा मुद्दा तर उलटाच आहे. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. व्हीलचेअर सुरक्षित चढण्यासाठी उतार साधारणपणे १:१२ लागतो, म्हणजे १५ सेंटिमीटरसाठी १.८ मीटर. आपल्याकडे मात्र वाहने चढू नयेत म्हणून पदपथ भरमसाट उंच करण्याची खोड आहे. ३० सेंटिमीटर उंचीला ३.६ मीटर उतार लागतो, तेवढी जागा सापडत नाही आणि मग रॅम्पच्या नावाखाली घसरगुंडी बांधली जाते. बुटक्या पदपथाला भरावही कमी लागतो. शिवाय गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना उंच पदपथ टाळून गाड्यांच्या गर्दीतून चालावे लागते ते वेगळेच.

खांबांविषयीची तक्रार निराधार नाही, दुचाकींचा उपद्रव खराच आहे. पण स्कूटर आणि व्हीलचेअर या दोहोंची रुंदी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास असल्याने जे अंतर एकीला अडवते ते दुसरीलाही अडवते. त्यामुळे हे काम खांबांवर सोपवण्याऐवजी दंडाची पावती फाडणाऱ्यांनीच करायला हवे. मुंबईतील अशा खांबांची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये स्वतःहून दखल घेतली होती.

खड्ड्यांचे म्हणाल, तर दिल्लीत हजारो लो-फ्लोअर बस वर्षानुवर्षे धावल्या आहेत, आणि तिथले रस्ते काही गुळगुळीत नाहीत.

राहिला सवलतीचा प्रश्न. राखीव डबा फलाटावर पोहोचलेल्यालाच उपयोगी पडतो, आणि फलाटापर्यंतची वाट याच पदपथांवरून जाते. शिवाय सुगमता, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येणे, ही सवलत नाही: ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत निश्चित करण्यास केंद्र सरकारला सांगितले.