शिट्टीसमोरचं बटण

नगरसेवकपदासाठी उभा राहतो, असं मी गटार तुंबल्याच्या रागात बोलून गेलो. राग दोन दिवसांत ओसरला. गटार आणि मित्रांचा उत्साह मात्र ओसरेना. एक जण तर सूचक म्हणून सही ठोकून मोकळा झाला. त्याचं नाव आमच्या प्रभागाच्या मतदार यादीतच नाही, हे अर्ज भरायच्या आदल्या रात्री कळलं.

शपथपत्रात मालमत्ता लिहायची होती, पत्नीच्या दागिन्यांसकट. इतक्या वर्षांचा संसार त्या एका रकान्यात मावला, वर जागाही उरली. "आता हे सगळ्यांना वाचायला मिळणार?" हिने विचारलं. मी पुढचं पान उलटलं.

अपक्षाला चिन्ह उरल्यासुरल्यातलं. मला मिळाली शिट्टी.

"या वयात शिट्टी वाजवत दारोदार फिरणार?" हीच.

फिरलो. तिसऱ्या दिवसापासून हात आपोआप जुळायला लागले. लिफ्टच्या आरशातल्या माणसालाही मी वाकून नमस्कार केला. त्याचाही चेहरा मला मत देणाऱ्याचा वाटला नाही.

महापालिकेकडे पाणी, कचरा, गटारं, रस्त्यावरचे दिवे अशी कामं. मी हे पाठ करून गेलो होतो. लोकांनी विचारलं, पेट्रोलचं काय करणार? आणि सीमेवरचं? एका घरात तर मला मीटर रीडिंगवाला समजून थेट मीटरपाशी नेलं. मी रीडिंग घेतलं, पत्रक दिलं आणि निघालो.

एक काका म्हणाले, "एका मताने काय होतं हो?" मी खुलून सांगितलं, 2017 साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात दोघांना सारखीच मतं पडली, निकाल शेवटी चिठ्ठी काढून लागला.

"मग आधीच चिठ्ठी काढायची ना! आम्हाला कशाला रांगेत उभं करता?"

प्राचीन अथेन्समध्ये 500 जणांची नगरसभा चिठ्ठ्या टाकूनच निवडत, हे मला आठवलं, पण काकांना सांगितलं नाही. आयता मुद्दा कशाला द्या?

अनामत जप्त झाली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

महिन्याभराने रात्री अकराला फोन. काकाच. "गटार तुंबलंय. पत्रकावर तुमचा नंबर होता."

"अहो, मी पडलो."

"ठाऊक आहे. मत मी त्यांनाच दिलं. पण ते फोन उचलत नाहीत."