‘मालकाचे फक्त ५५० रुपये’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘जागरूक पगारदार’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी पीएफवरच्या माझ्या लेखाला प्रतिक्रिया दिली आहे. म्हणणं थोडक्यात असं: ‘माझे दरमहा १,८०० कापतात, पासबुकात मालकाचे फक्त ५५० दिसतात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मात्र मालकाचे पूर्ण १,८०० मिळतात. बारा-बारा टक्के सांगणारे तुम्ही कंपन्यांचे दलाल. पीएफचा पैसा सरकार शेअर बाजारात उडवतं, त्यापेक्षा म्युच्युअल फंडातली एसआयपी बरी. तुमचा तक्ताही वाचता येत नाही.’

तक्त्याची अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात, हे मान्य. मोठा करून टाकतो.

‘दलाल’ मात्र पचत नाही. पगारपत्रकं करण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकवण्याआधी निदान पासबुकातला शेवटचा रकाना तरी बघायचा होता. शंका खुशाल विचारा हो, पण आधी शिवी आणि मग प्रश्न, ही कुठली रीत?

आता ते ५५०. तुमचा पीएफ पगाराच्या १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो. त्याचे १२ टक्के म्हणजे १,८००. तुमच्याकडून तेवढे, मालकाकडूनही तेवढेच. मालकाच्या वाट्यातून १५,००० चे ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शन योजनेत म्हणजे ईपीएसमध्ये जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. पासबुकात एकाच ओळीत तीन आकडे असतात: कर्मचारी १,८००, नियोक्ता ५५०, पेन्शन १,२५०. तुम्ही दोन वाचलेत आणि न वाचलेल्या तिसऱ्यावरून आम्हाला चोर ठरवलंत.

पेन्शनच्या रकान्यावर व्याज चढत नाही, कारण ती तुमच्या नावची शिल्लक नव्हेच. दहा वर्षं सेवा भरली की ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पेन्शनपात्र पगार, म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, १५,००० आणि सेवा २५ वर्षं धरा. वीस वर्षं भरली म्हणून दोन वर्षं वाढवून मिळतात, तेव्हा १५,००० गुणिले २७ भागिले ७०, साधारण ५,७८५ रुपये महिना. सप्टेंबर २०१४ पूर्वीची सेवा जुन्या ६,५०० च्या मर्यादेने मोजतात, तेवढा आकडा खाली येतो. डोळे दिपावेत अशी रक्कम नाही, पण चोरीही नाही. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडली तर फॉर्म १०सी भरून पैसे काढता येतात. तेही जमा रकमेवर नव्हे, पगार आणि सेवेचा काळ यांच्या ठरलेल्या कोष्टकावरून.

आणि ती शेजारची मुलगी. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच सदस्य झाला आणि रुजू होतानाच ज्याचा बेसिक-महागाई भत्ता १५,००० च्या वर होता, त्याला ईपीएस लागूच नाही. मालकाचे सगळे १,८०० त्याच्या पीएफमध्ये जातात, पेन्शन शून्य. तुम्ही बहुधा त्याआधीपासून ईपीएसमध्ये आहात. घोळ होतो तो फॉर्म ११ मध्ये. नोकरी बदलताना ‘आधी पेन्शन योजनेचे सदस्य होता का’ या प्रश्नापुढे जुन्या माणसाने ‘नाही’ लिहिलं, की त्याचे १,२५० थांबतात आणि सेवेत खंड दिसतो. उलट, एचआरने नव्या मुलीचे १,२५० सवयीने पेन्शनमध्ये टाकले, तर चूक वर्षानुवर्षं झाकली जाते आणि खातं ट्रान्सफर करताना किंवा पैसे काढताना दावा अडतो. मग कर्मचारी आणि मालक दोघांच्या सहीचं संयुक्त घोषणापत्र, कंपनीचं पत्र, हेलपाटे. हे सगळं लेखात होतं, साहेब. वाचायचं कष्ट घेतलं असतंत तर.

शेअर बाजाराचं म्हणाल, तर २०१५ पासून नव्या जमेचा एक भाग ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांत जातो, मर्यादा १५ टक्के. बाकी मुख्यतः सरकारी रोखे आणि कर्जरोखे. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के. याला उडवणं म्हणत नाहीत. एसआयपी करा की, हातात येणाऱ्या पगारातून. कुणी अडवलंय?

यूएएनने, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाने, लॉगिन करून सेवा इतिहास उघडा आणि ईपीएसमध्ये रुजू झाल्याची तारीख काय दिसते ते इथे लिहा. तुमच्या पेन्शनचा हिशेब मांडून देईन. पुन्हा ‘दलाल’ लिहिलंत तर प्रतिक्रिया उडवेन.