मैदान कुणाच्या नावावर आहे?

माझा भाचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. फोनवर फुटबॉलचा विषय निघाला की तो एकच मुद्दा लावून धरतो. महाराष्ट्राच्या फुटबॉलला मोठा मालक मिळाल्याशिवाय काही होणार नाही. पेठेच्या वर्गणीवर आणि एखाद्या पुढाऱ्याच्या मर्जीवर संघ किती दिवस चालवायचा? उद्योगसमूहानं तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा, संघ घ्यावा, पगारी प्रशिक्षक आणावा, राष्ट्रीय लीगमध्ये उतरवावं. मी हरकत घेतली की म्हणतो, "आत्या, तुला तिथं बसून बोलायला काय जातंय?"

मी लंडनमध्ये विम्बल्डनजवळ राहते आणि इथल्या एएफसी विम्बल्डन क्लबच्या डॉन्स ट्रस्ट या पाठीराख्यांच्या संस्थेची सभासद आहे. हा क्लब पाठीराख्यांचा आहे. छोटे गुंतवणूकदार आहेत, पण बहुमत ट्रस्टचं, आणि ट्रस्टमध्ये सभासदाचा खिसा कितीही जड असो, मत एकच. तरीही भाच्याला मी मालक नकोच असं सांगत नाही. मैदान, नाव आणि रंग विकायचा अधिकार कुणाकडे राहणार हे आधी लिहून ठेवा, मग ज्याचा पैसा घ्यायचा त्याचा घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे. आपल्याकडे हा क्रम नेहमी उलटा झाला.

मोठे मालक महाराष्ट्रात आलेच नाहीत असं कुठे आहे? मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा १९६२ पासूनचा संघ. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यानं जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं तो बंद केला. पुण्यात तर रांगच लागली होती. पिरामल समूहाचा पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, आणि आयएसएलमधला (इंडियन सुपर लीगमधला) एफसी पुणे सिटी. भारत एफसी एकच हंगाम खेळला. पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादनं घेतली. बालेवाडीला नारिंगी शर्ट घालून घसा बसेपर्यंत ओरडलेल्या पोरांनी त्या शर्टाचं पुढे काय करायचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. ज्या कंपनीच्या ताळेबंदात संघ हे एक खर्चाचं कलम असतं, ती कंपनी कधीतरी ते कलम कापणारच. यात कुणाची बदमाशी असावी लागत नाही. म्हणूनच मला मालकाच्या चांगुलपणावर विसंबून राहायची भीती वाटते.

विम्बल्डनची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. १९८८ मध्ये या छोट्या क्लबनं अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप ही इंग्लंडमधली मानाची स्पर्धा जिंकली. १९९१ मध्ये प्लाउ लेन हे त्यांचं जुनं मैदान सुटलं, कारण नव्या सुरक्षा नियमांत ते बसत नव्हतं. क्लब क्रिस्टल पॅलेसच्या मैदानात भाडेकरू म्हणून गेला. मालकानं क्लब परदेशी गुंतवणूकदारांना विकला, आणि १९९८ मध्ये प्लाउ लेनची जागा सुपरमार्केट कंपनीकडे गेली. घर गेलेल्या क्लबला मग कुठेही नेता येतं. २८ मे २००२ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं नेमलेल्या तीन जणांच्या आयोगानं क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी दिली. म्हणजे सुमारे ९० किलोमीटर दूर, दुसऱ्याच गावात. पाठीराख्यांनी स्वतःचा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्या निकालात म्हटलं होतं. त्यांनी तो काढलाच. काही आठवड्यांत विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवडचाचणी झाली. इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत नवव्या श्रेणीत सुरुवात करून पाच बढत्या मिळवत २०११ मध्ये हा संघ व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला.

मग मैदान परत मिळवायची लढाई. प्लाउ लेनवरच, जुन्या जागेपासून काही पावलांवर, नवं स्टेडियम उभं राहत असताना पैसे कमी पडले. बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा देऊन मोकळं व्हावं, असा सूर तेव्हा होता. त्याऐवजी पाठीराख्यांनी कर्जरोखे काढले आणि ५० लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. नोव्हेंबर २०२० मध्ये क्लब घरी आला. २०२४ च्या सप्टेंबरात वॉन्डल नदीचं पाणी मैदानात शिरलं, गवताखालची जमीन खचली आणि न्यूकॅसलबरोबरचा कपचा सामना न्यूकॅसलच्याच मैदानावर न्यावा लागला. त्या खड्ड्याचा फोटो मी कितीदा पाहिला असेन. मैदानात माणूस उभा मावेल एवढी पोकळी. दुरुस्तीसाठी वर्गणी सुरू झाली आणि बघता बघता एक लाख पौंडांच्या वर गेली. आपल्या घराचं छप्पर गळतंय म्हणून लोक पैसे देत होते. खासगी मालकाच्या मैदानासाठी यातल्या किती जणांनी खिशात हात घातला असता?

ट्रस्टची सभा कंटाळवाणी असते, आणि मला ती म्हणूनच आवडते. हंगामी तिकिटाचा दर, महिला संघाचं अंदाजपत्रक, तोटा कुठून भरणार. एकदा एक निवृत्त बसचालक उठले आणि ताळेबंदातल्या एकाच आकड्यावर प्रश्न विचारत राहिले. मंचावरची माणसं वैतागली होती, चेहऱ्यावर दिसत होतं, पण उत्तर द्यावं लागलं, कारण पुढच्या निवडणुकीत त्या गृहस्थांचंही मत होतं.

आता भाच्याची बाजू, कारण ती खरी आहे. पाठीराख्यांच्या पैशाला मर्यादा असते. पोर्ट्समथ हा क्लब २००८ मध्ये एफए कप जिंकून, मग मालकांमागून मालकांच्या हातून कर्जात बुडून चौथ्या श्रेणीत आला. २०१३ मध्ये लोकांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन तो वाचवला, जुनी देणी फेडली, २०१७ मध्ये चौथी श्रेणी जिंकलीही. त्याच वर्षी त्यांनी स्वतःच बहुमतानं क्लब डिस्नीचे माजी प्रमुख मायकेल आयझनर यांना विकला. फ्रॅटन पार्क या जुन्या मैदानाची डागडुजी पाठीराख्यांच्या आवाक्याबाहेरची होती. २०२४ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. वेल्समधल्या रेक्सहॅम क्लबच्या ट्रस्टनं २०११ पासून क्लब जगवला आणि २०२० मध्ये ९८.६ टक्के मतांनी दोन अभिनेत्यांच्या हाती सोपवला. त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग तीन बढत्या. या लोकांनी विश्वासघात केला असं मी कधीच म्हणणार नाही. मात्र विकायचं की नाही हे ठरवायला ते जागेवर होते. घेणाऱ्याला प्रश्न विचारता आले, अटी घालता आल्या. पुण्याच्या पोरांना ते कधी मिळालं?

मत हातात असलं म्हणजे माणूस शहाणपणानंच वापरतो असंही नाही. १८६२ चा नॉट्स काउंटी हा जगातला सर्वांत जुना व्यावसायिक क्लब. २००९ मध्ये त्याच्या ट्रस्टच्या सभासदांनी मोठमोठ्या आश्वासनांवर विश्वास ठेवून आपले भाग एका गुंतवणूक कंपनीला देऊन टाकले. इंग्लंडचे माजी प्रशिक्षक स्वेन-योरान एरिक्सन संचालक म्हणून आले, इंग्लंडचा नामवंत बचावपटू सॉल कॅम्पबेल एकच सामना खेळून निघून गेला, आणि त्याच वर्षाअखेर क्लब एका पौंडाला विकला गेला. पैसा मुळात नव्हताच.

आणि बरी या गावाचा संघ. तोही मला विसरता येत नाही. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. मैदान गहाण पडलेलं. डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला नव्या मालकाकडे गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगमधून काढून टाकला गेला. त्या दिवसांत लोक मैदान झाडायला, खुर्च्या पुसायला आले होते, सामना होईल या आशेनं. अशी उदाहरणं साचली तेव्हा कुठे सरकार हललं. २०२५ च्या कायद्यानं वरच्या पाच श्रेणींसाठी स्वतंत्र नियामक आला. या कायद्यानुसार मैदान विकायला नियामकाची संमती लागते आणि क्लबचं चिन्ह किंवा रंग बदलायचे तर पाठीराख्यांना विचारावं लागतं. मालक खासगीच राहिले, पण त्यांच्या हाताला कायद्याची मर्यादा आली. मला हा मार्ग पटतो.

पुणेकर इथे भेटले की ब्लॅकबर्नचा विषय निघतोच. पुण्याच्या वेंकीज समूहानं नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता हा क्लब २०१२ मध्ये खाली आला आणि २०१७ मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत गेला, पुढच्या वर्षी परतला. मालकांनी इतकी वर्षं तोटा भरला, हे नाकारता येणार नाही. बरीसारखं त्यांनी क्लबला वाऱ्यावर सोडलेलं नाही. पण ब्लॅकबर्नमधल्या माणसाला आपला प्रश्न घेऊन जायला जागा नाही. पैसा आहे, सभा नाही. हे दुःख मी तिथल्या लोकांच्या बोलण्यात ऐकलं आहे, आणि आपल्या गावच्या कंपनीचं नाव त्यात येतं तेव्हा मला ते जास्त लागतं.

कोल्हापूरकडे वळते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. यातला कुठलाही संघ उद्या दुसऱ्या शहरात नेता येईल का? कल्पनासुद्धा करवत नाही. विम्बल्डनच्या लोकांना जे लढून मिळवावं लागलं, ते पेठांकडे आहेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस समोरासमोर आले की जी गर्दी लोटते, ती इथल्या चौथ्या श्रेणीतल्या कितीतरी क्लबांना हेवा वाटावी अशी. त्या गर्दीतून कधी दगडही उडतात. तेही बदलायला हवं, आणि ते पेठेतल्याच माणसांना करता येईल.

माझी खरी काळजी वेगळी आहे. एक सभासद, एक मत हे आपल्याला परकं नाही. विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला हेच उभं केलं. पुढे कितीतरी साखर कारखान्यांत काय झालं, तेही आपण पाहिलं. वार्षिक सभेत अहवाल कुणी वाचलेला नसतो, मागून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो, आणि काही वर्षांनी तोट्यातला कारखाना कवडीमोलानं खासगी हातात गेलेला असतो. सभासद झोपला की संचालकच मालक होतो. पाठीराख्यांचा क्लबही याच वाटेनं जाऊ शकतो. तालमीचा संघ कागदावर मंडळाचा आणि प्रत्यक्षात ज्याच्या पैशानं बाहेरचे खेळाडू येतात त्याचा, असं होत असेल तर उद्योगसमूह यायच्या आधीच तो संघ विकला गेला आहे.

म्हणून कंपनीशी बोलणी करायच्या आधी तालमींनी काही कामं उरकावीत. सभासदांची यादी अद्ययावत करावी. जमाखर्च छापून दारावर लावावा. संघाचं नाव, रंग आणि जागा यांना कुठलाही करार हात लावू शकणार नाही, अशी घटनादुरुस्ती करावी आणि ती बदलायला तीन चतुर्थांश मतं लागतील असं ठेवावं. पुरस्कर्त्याला जर्सीवर जागा द्यावी, मंडळावर एखादी खुर्चीही द्यावी, पण मुदतीची.

आणि त्या यादीत बायकांची नावं यावीत. मी पेठेत वाढले, प्रत्येक मोसमात संघासाठी ओरडले, पण तालमीची सभासद व्हावं हा विचार आमच्या घरात कुणाच्या मनाला शिवला नाही. इथे परक्या देशात माझं मत मोजलं जातं. ल्यूइस नावाच्या छोट्या गावातल्या लोकांच्या मालकीच्या क्लबनं २०१७ मध्ये पुरुष आणि महिला संघांना सारखंच अंदाजपत्रक दिलं. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली राष्ट्रीय महिला लीगमध्ये खेळून आल्या आहेत. त्यांच्या पेठांनी त्यांना पुढच्या सर्वसाधारण सभेची नोटीस पाठवावी, आणि पुरस्कर्त्याचा करार त्यांच्या मतानंतर मंजूर व्हावा.