राडारोडा कुठे टाकणार, हे आधी विचारा

घराचं काम काढलं की टाइल्सचा रंग, नळ, कडाप्पा, सगळ्याची आपण दहा वेळा चौकशी करतो. उखडलेल्या फरशा, फुटकं बेसिन, विटांचे तुकडे कुठे जाणार हे मात्र विचारत नाही. ठेकेदार म्हणतो, "ते आमच्यावर सोडा," आणि आपण सोडतो. मग रात्री एखादा टेम्पो ओढ्याकाठी रिकामा होतो.

पहिलं पोतं पडलं की पुढचं ठरलेलं असतं. शेजारी फाटकी गादी येते, मग टायर, मग ओल्या कचऱ्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या, मग त्या फाडणारी कुत्री. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. गल्लीत लावलेल्या सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवले होते. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद तिथेच टाकला किंवा दुसऱ्याच्या सायकलीला लावला. त्याच भिंतीवर रंगाने गिरगटल्यावर हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेलं. गल्ली तीच होती!

म्हणून "लोकांना शिस्तच नाही" हे मला पटत नाही. हीच माणसं स्वतःचं घर लखलखीत ठेवतात. ढीग त्यांना सांगतो की इथे टाकलेलं चालतं. तो लगेच उचलला आणि जुनी गादी, कपाट न्यायला सोयीची गाडी मिळाली, तर सवयी बदलतात. दंडही हवाच, पण टेम्पोवाल्याबरोबर ज्याचा माल आहे त्यालाही.

टाकणाऱ्याचे पैसे वाचतात, ते भरतो आपण. टायरमधल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास वाढतात, आणि त्यांची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नाला तुंबला की पाणी सखल भागातल्या घरांत शिरतं. कुणीतरी ढिगाला काडी लावतं आणि प्लास्टिकचा विषारी धूर शेजारच्या लेकरांच्या छातीत जातो. ढीग उपसण्याचा खर्च सगळ्यांच्या करातून. आणि त्यातल्या काचा, वापरलेल्या सुया सफाई कामगारांच्या हातात घुसतात, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

तेव्हा काम देतानाच ठेकेदाराला जागा विचारा, ती कागदावर लिहून घ्या. राडारोडा तिथेच उतरवल्याची पावती हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. शेजाऱ्याने काम काढलं असेल तर त्यालाही सांगा. बोलायला अवघड वाटेल, तरी सांगा.