“साठीनंतर फक्त आराम करा” वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात तोच मेसेज तीन ग्रुपवर आला, खाली हात जोडलेले आणि गुलाबाचं फूल. म्हणणं काय, तर साठी झाली की समाजसेवेच्या नादी लागू नका, या वयात नवीन शिकणं होत नाही, दगदगीने तब्येत जाते, तुम्ही तरुणांची जागा अडवता आणि संस्था फुकट राबवून घेतात. मी ६८ वर्षांची आहे, आणि यातलं एकच वाक्य खरं आहे, ते शेवटी सांगते.

नवीन शिकणं होत नाही म्हणे. मी दृष्टिहीन मुलांसाठी अभ्यासाची पुस्तकं रेकॉर्ड करते. पहिल्यांदा एक तक्ता आला, मी आपली डावीकडून उजवीकडे आकडे वाचत सुटले, ऐकणाऱ्या मुलीने पाच मिनिटांत फोन केला, “आजी, कुठला आकडा कशाचा तेच कळत नाहीये.” मग समजलं की आधी रकाने किती आणि कशाचे ते सांगायचं, आणि पुढे प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव परत घ्यायचं, कंटाळा आला तरी घ्यायचं. फॅन बंद करून बसायचं, बाहेर कुत्रं भुंकलं की ते वाक्य पुन्हा, आणि तेवढाच तुकडा कापून जोडायचं ॲप मी ६४व्या वर्षी शिकले, चार वेळा अख्खी फाईल उडवून.

माझं सोडा. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये चौदा आज्यांना हाताशी धरून ‘फ्रेंडशिप बेंच’ सुरू केलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून खचलेल्या माणसाचं ऐकायचं आणि त्याची एकेक अडचण सोडवायला मदत करायची, एवढंच, पण ते रीतसर ट्रेनिंग घेऊन. २०१६ साली त्याची चाचणी छापून आली, ५७३ जण होते, बाकावर येऊन मन मोकळं करणाऱ्यांचा त्रास सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बराच कमी निघाला. या वयात शिकणं होत नाही हे त्या आज्यांना कोणी सांगितलं नसावं.

तब्येतीचं म्हणाल तर अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळजवळ १३ हजार लोकांचा अभ्यास २०२० साली आला. वर्षाला १०० तास, म्हणजे आठवड्याला दोनेक तास समाजसेवेचं काम करणाऱ्यांमधे पुढच्या चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, हालचालीच्या तक्रारीही कमी. डायबेटिस, कॅन्सर वगैरेत मात्र काही फरक नाही. आता कोणी म्हणेल धडधाकट असतात तेच अशा कामाला जातात, तर हो, आधीची तब्येत हिशेबात धरली असली तरी हा प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं, त्यामुळे “सेवा करा आयुष्य वाढवा” असला उलटा फॉरवर्ड पण कृपा करून बनवू नका. आणि दोन तासांत कसली आलीये दगदग!

तरुणांची जागा? मंगळवारी सकाळी अकराला कुठला तरुण मोकळा असतो ते दाखवा, पुढे बोलू.

राहिलं फुकट राबवणं. हे खरं आहे. एका ठिकाणी मला दोन तास म्हणून बोलावलं, महिनाभरात सहा झाले, मग खुर्च्या लावा, मग देणग्या गोळा करून आणा, नाही म्हटलं की “काकू, तुम्हाला घरी काय काम असतं?” पण यावर उपाय घरी बसणं कसा काय? आधीच विचारा ना, तास किती, वरती कोण, जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, पडलो-बिडलो तर विमा आहे का, दोन महिने जमलं नाही तर चालेल का. विचारायला लाज कसली, अमेरिकेत ‘फॉस्टर ग्रँडपेरंट’ नावाची सरकारी योजना १९६५ पासून चालू आहे, मुलांना मदत करणाऱ्या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना त्यात तासावर मानधन मिळतं, आणि त्यांना कोणी लोभी म्हणत नाही.

त्या पहिल्या ठिकाणी मी हे सगळं उशिरा विचारलं, उत्तर आलं नाही, मी जायचं बंद केलं. रेकॉर्डिंगवाल्यांनी मात्र पहिल्याच दिवशी एक कागद पुढे केला, त्यावर तास लिहिलेले होते, आणि खाली लिहिलं होतं, घसा बसला तर कळवा.