दुसरा कोण, याचा खुलासा

आमच्या स्पर्धेचा नियम एका ओळीत मावतो. जगात कुठेही राष्ट्राध्यक्ष निवडायला दोन फेऱ्या होणार असतील, तर पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन नावं लिहून द्यायची. पहिल्या फेरीत कोणीच स्पष्ट जिंकलं नाही, की सर्वाधिक मतांचे दोघेच दुसऱ्या फेरीत पोचतात; ते दोघे कोण? दोन्ही नावं बरोबर आली तर एक गुण. एक बरोबर, एक चूक, तर भोपळा. आणि भोपळेवाल्याने आठ दिवसांत ‘मी का चुकलो’ याचा लेखी खुलासा करून तो सर्वांसमोर उभं राहून वाचायचा.

खुलाशाचं कलम माझ्याच सुपीक डोक्यातून आलं. मेहुण्याला उभं करून गंमत बघावी, एवढाच हेतू होता. आजमितीला फाइलमध्ये अकरा खुलासे आहेत. त्यातले नऊ माझे. बायको चिठ्ठ्या गोळा करते, स्वतः कधी नाव देत नाही. तिचं म्हणणं, माझं मराठी या खुलाशांमुळे खूप सुधारलं. सुरुवातीला दर परिच्छेदात ‘अनपेक्षितपणे’ असायचं, आता ते एका खुलाशात एकदाच येतं.

ज्यांनी हा उद्योग केलेला नाही त्यांना वाटतं, कोण जिंकणार ते ओळखायचं असेल. छे हो! जिंकणारा ओळखायला काय लागतं? दुसऱ्या फेरीत उरतात दोघे. डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्म्या वेळा बरोबर. पहिल्या फेरीत पंधरा-वीस जण उभे असतात. त्यातला पहिला बऱ्याचदा लांबूनही दिसतो. मारामारी असते ती दुसऱ्या खुर्चीसाठी. तिथे तिघे-चौघे एकमेकांच्या टाचेवर पाय देत पळत असतात आणि त्यांच्यातलं अंतर एवढंसं असतं की ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. माझा पहिला जवळजवळ नेहमी बरोबर येतो. माझा दुसरा नेहमी तिसरा येतो.

हे मी आमच्या सरांना सांगितलं. सर म्हणजे संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, स्पर्धेतले तिसरे भिडू. त्यांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की माझ्या पोटात गोळा येतो.

“मतचाचणीत हजार माणसांना विचारलं,” ते म्हणाले, “की दोन-तीन टक्के इकडचं तिकडे होणारच. तुझ्या दुसऱ्या-तिसऱ्यात अंतर किती आहे?”

“अर्धा टक्का.”

“मग भाजीच्या तराजूवर सोनं कशाला तोलतोयस?”

सर स्वतः मात्र तोलतच नाहीत. ते चिठ्ठीवर नावं लिहीत नाहीत, तक्ता लिहितात: अमुक 71 टक्के, तमुक 44 टक्के, ढमुक 38 टक्के. बायको दर वेळी ती चिठ्ठी ‘बाद मत’ म्हणून बाजूला ठेवते. त्यामुळे सरांना आजवर एकही गुण नाही आणि एकही खुलासा नाही. एवढ्या सुखात जगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

या छंदाची गीता म्हणजे 2002 सालचा फ्रान्स. चुकल्यावर मी तिचाच आधार घेतो. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांच्यातच दुसरी फेरी होणार, हे सगळा देश धरून चालला होता. पहिली फेरी म्हणजे नुसता उपचार. उमेदवार सोळा. डाव्या मतदारांनी विचार केला की जोस्पँ पोचणारच आहेत, तर या फेरीत आपण आपल्या आवडत्या छोट्या उमेदवाराला मत देऊन घेऊ. असा विचार एकाने केला तर चालतं. 21 एप्रिलच्या रात्री आठ वाजता पडद्यावर चेहरे आले ते शिराक आणि कडवे उजवे जाँ-मारी ल पेन यांचे. ल पेन 16.86 टक्के, जोस्पँ 16.18. फरक दोन लाख मतांनाही भरेना. एकट्या क्रिस्तियान तोबिरा यांना त्याच्या तिप्पट मतं मिळाली होती, आणि त्या डाव्यांतल्याच. जोस्पँनी त्याच रात्री राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. पुढच्या फेरीत शिराक 82 टक्क्यांनी आले, पण आमच्या खेळात त्याला किंमत शून्य.

तात्पर्य मी बरोबर काढलं होतं: लोक आपल्या मनातलं मत देत नाहीत, शेजाऱ्याच्या मनात काय असेल ते ताडून देतात. शेजारीही तेच करत असतो. आता मी घरात बसून, ताडणाऱ्यांना ताडणाऱ्या त्या शेजाऱ्याला ताडायचं. 2022 मध्ये त्याच फ्रान्समध्ये मी हा धडा गिरवला. म्हटलं, डावे आता शहाणे झाले असतील, एका माणसामागे उभे राहतील. चिठ्ठीवर लिहिलं: माक्राँ, मेलाँशाँ. डावे शहाणे झालेही, पण सगळे नाही. त्याच ल पेन यांची मुलगी मारिन ल पेन 23.15, मेलाँशाँ 21.95. मधल्या फटीपेक्षा जास्त मतं कम्युनिस्ट उमेदवार फाबियाँ रूसेल यांनी खाल्ली होती. खुलासा क्रमांक पाच. त्यात मी वीस वर्षांपूर्वीच्या तोबिरा बाईंनाही ओढलं, ते बायकोने गैरलागू ठरवून खोडलं.

मला सरळ हाताने गुण मिळाला तो 2012 मध्ये, तोही फ्रान्सचाच. त्या वेळी निकालापेक्षा वाट बघण्यातच मजा होती. शेवटची केंद्रं रात्री आठला बंद होईपर्यंत तिथे अंदाज जाहीर करायला बंदी. मोडली तर 75 हजार युरो दंड. पण शेजारच्या बेल्जियम-स्वित्झर्लंडमधल्या वर्तमानपत्रांना फ्रान्सचा कायदा कोण लावणार? ती संध्याकाळीच आकडे देऊन मोकळी होत. मग फ्रेंच लोकांनी ट्विटरवर सांकेतिक भाषा काढली आणि तिला नाव दिलं ‘रेडिओ लंडन’. महायुद्धात लंडनहून फ्रेंच भूमिगतांना रेडिओवर सांकेतिक निरोप जात, त्याची आठवण म्हणून. फ्रान्स्वा ओलाँद यांचं आडनाव हॉलंडसारखं, म्हणून ते झाले गौडा, म्हणजे डच चीज. सारकोझींचे वडील हंगेरीचे, म्हणून ते टोकाय, म्हणजे हंगेरियन वाइन. लोक एकमेकांना चीज-वाइनचे भाव कळवल्यासारखे आकडे कळवत होते.

मी उत्साहाच्या भरात मेहुण्याला फोन केला. “गौडा पुढे आहे!”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग काळजीचा आवाज: “भाऊजी, फ्रान्सच्या निवडणुकीत गौडा कुठून उभा राहिला?”

त्याला समजावून सांगेपर्यंत आठ वाजून गेले. ओलाँद 28.63, सारकोझी 27.18, तिसऱ्या मारिन ल पेन नऊ टक्के मागे. इतकी आटोपशीर निवडणूक पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही.

मेहुण्याने पुढे स्वतःची पद्धत बसवली. पहिल्या फेरीच्या दोन-तीन दिवस आधी तो सहज म्हणून येतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि जाता जाता विचारतो, “भाऊजी, यातला कोण अजिबात पोचणार नाही?” मला वाटायचं, जिज्ञासा आहे, मुलगा शिकतोय. मी खुर्ची ओढून, तक्ते दाखवून सविस्तर सांगायचो. 2021 मध्ये पेरूच्या वेळी सांगितलं, “हा बघ, पेद्रो कास्तियो. खेड्यातला प्राथमिक शाळेचा मास्तर, डोक्यावर भलीमोठी टोपी, पक्षाचं चिन्ह पेन्सिल. चाचण्यांत पार मागे आहे. याचा विचारसुद्धा करायचा नाही.”

पेरूत शेवटच्या आठवड्यात चाचण्या छापायला बंदी असते, हे मला माहीत होतं. त्या अंधाऱ्या आठवड्यात काय काय उगवू शकतं, ते माहीत नव्हतं. मतदानाच्या दिवशी मास्तर घोड्यावर बसून मत द्यायला आले आणि संध्याकाळी अठरा उमेदवारांत पहिले निघाले: 18.92 टक्के. दुसऱ्या केइको फुजिमोरी, 13.41. पहिल्या दोघांची बेरीज केली तरी एक तृतीयांश होत नाही! मी ज्या दोघांची नावं दिली होती त्यांच्यातल्या एकाला तर घोडाही मिळाला नसता. मेहुण्याच्या चिठ्ठीवर होतं: कास्तियो, फुजिमोरी. “तुम्ही फार ठामपणे नाही म्हणालात, म्हणून लिहिलं,” तो नम्रपणे म्हणाला.

त्यानंतर मी त्याच्यासमोर कोणालाही ठामपणे नाही म्हणायचं बंद केलं. पण चेहरा कुठे लपतो? 2025 च्या ऑगस्टमध्ये बोलिव्हियाच्या यादीत रोद्रिगो पाझ यांच्या नावावरून माझी नजर न थांबता पुढे गेली, ते त्याने टिपलं. चाचण्यांत पुढे होते दोरिया मेदिना आणि किरोगा. पाझ पहिले आले, किरोगा दुसरे, दोरिया मेदिना तिसरे. मेहुण्याला एक गुण, मला खुलासा क्रमांक नऊ.

पण खरा खटला झाला तो रुमानियाचा, 2024 चा.

मी पंतप्रधान मार्सेल चोलाकू आणि जॉर्ज सिमिऑन अशी नावं दिली. मेहुण्याने चोलाकू आणि एलेना लास्कोनी. 24 नोव्हेंबरला मतदान संपताच मतदानोत्तर चाचण्या आल्या: चोलाकू पहिले, लास्कोनी दुसऱ्या. मेहुणा उड्या मारून घरी गेला. रात्रभर मोजणी चालली. सकाळी पाहतो तो पहिल्या नंबरावर कालिन जॉर्जेस्कू. बहुतेक चाचण्यांत एक आकडी, प्रचाराचा खर्च स्वतःच शून्य दाखवलेला, सगळा धुरळा टिकटॉकवर. आणि परदेशातली मतं मोजता मोजता लास्कोनींनी चोलाकूंना मागे टाकलं, 2,740 मतांनी. अख्ख्या देशाच्या निवडणुकीत 2,740. मेहुण्याची पद्धत प्रथमच फसली. जॉर्जेस्कूंना मी नाकारलंच नव्हतं ना! त्यांचं नाव माझ्या यादीतच नव्हतं.

दोघांनाही भोपळा. मी खुलासा लिहायला बसलो. तेवढ्यात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने फेरमोजणी सांगितली. मी पेन खाली ठेवलं. मग न्यायालयाने निकाल कायम केला. मी पेन उचललं. 6 डिसेंबरला, दुसऱ्या फेरीला दोन दिवस असताना आणि परदेशातल्या रुमानियनांनी मतं द्यायला सुरुवातही केलेली असताना, न्यायालयाने अख्खी निवडणूकच रद्द केली. पेन फेकून मी बायकोकडे रीतसर अर्ज दाखल केला.

मुद्दा बिनतोड होता. प्रश्न काय? दुसऱ्या फेरीत कोण पोचणार. पोचलं कोण? कोणी नाही. दुसरी फेरीच झाली नाही. मग माझी चूक कशी? जोडीला अर्जेंटिनाचा दाखला लावला: 2003 मध्ये कार्लोस मेनेम पहिल्या फेरीत पहिले आले आणि हार दिसताच दुसरीतून अंग काढून बसले, नेस्तोर किर्चनर 22 टक्क्यांवर राष्ट्राध्यक्ष झाले. तिथेही दुसरी फेरी झाली नाही. मेहुण्याने सहअर्जदार म्हणून सही केली, आमच्या आयुष्यातली ती पहिली युती. सरांचा अभिप्राय मागवला. त्यांनी ‘अर्ज मंजूर होण्याची शक्यता 15 टक्के’ असं लिहून दिलं.

बायकोने अर्ज चष्मा लावून नीट वाचला. “निवडणूक रद्द झाली आहे,” ती म्हणाली, “चूक रद्द झालेली नाही.”

खुलासा उभं राहून वाचला. पाच महिन्यांनी, मे 2025 मध्ये, रुमानियात तीच निवडणूक पुन्हा झाली. सिमिऑन 40.96, हे मी लिहिलं होतं. दुसऱ्या जागी मी क्रिन अंतोनेस्कूंना बसवलं होतं. निकुशोर दान 20.99, अंतोनेस्कू 20.07. माझा त्या वेळचा खुलासा फाइलमधला सर्वांत छोटा आहे: ‘पुन्हा तेच.’ बायकोने तो त्रोटक म्हणून परत केला.

परवा मेहुणा नेहमीसारखा सहज म्हणून आला. मी आत पाणी आणायला गेलो, तेवढ्यात त्याने टेबलावरचा कागद उचलला. कोपऱ्यात खुलासा क्रमांक दहा, मायना व्यवस्थित, पहिला परिच्छेद पूर्ण, ‘अनपेक्षितपणे’ एकदाच, जागच्या जागी.

“भाऊजी, या निवडणुकीला तर अजून तीन आठवडे आहेत.”

“हो. आयत्या वेळी घाई नको.”

त्याने सगळा वाचला. माझ्या चिठ्ठीवरची दोन नावं त्यात होतीच. एका ओळीवर तो थांबला. ‘परंतु शेवटच्या आठवड्यात’ असं लिहून पुढे मी टिंबं टिंबं सोडली होती.

“इथे कोणाचं नाव येणार?”

“ते कळलं असतं,” मी म्हणालो, “तर चिठ्ठीवर नसतं का लिहिलं?”